विश्लेषण : बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे माफ केले का? इंग्रजीतल्या छोट्या शब्दांचा मोठा घोळ

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले दाभडी हे गाव २० मार्च २०१४ रोजी देशभरातल्या वाहिन्यांवर झळकले. तेव्हाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांनी तिथे शेतकऱ्यांबरोबर ‘चाय पे चर्चा’ केली. हे नाव मराठीतही हिंदीच राहिले. भाषांतर करायला गेले असते तर पंचाईतच होती. ‘चहावर चर्चा’ म्हटले की चहापत्तीच्या भावाबद्दल बोलणे झाले, असे वाटते. मराठीत माणसाला चहावर नाही, चहाला बोलावतात. इंग्रजीत हेच सांगायला ‘ओव्हर’ लागते : डिस्कशन ओव्हर टी. गंमत अशी, की ‘डिस्कशन’ हे नाम सोडून ‘डिस्कस’ हे क्रियापद घेतले तर विषयाच्या आधी कोणताच छोटा शब्द लागत नाही. मराठी माणूस मात्र हमखास ‘डिस्कस अबाऊट’ म्हणतो, कारण मनात ‘विषयी चर्चा’ हे मराठी शब्द असतात.

चहाच्या बाबतीत असा घोळ झाला तर फार तर हसू होते. कर्ज, पीक विमा किंवा नोकरीच्या कागदात तो झाला, तर पैशांचा प्रश्न येतो. ऑफ, आऊट, अप, इन हे एवढेएवढे शब्द क्रियापदाला चिकटले की अर्थाची दिशाच बदलतात, आणि सध्या मराठी बातम्या, बँकांचे अर्ज आणि मोबाइलचे पडदे या शब्दांनी भरलेले आहेत.

‘राइट ऑफ’ आणि ‘वेव्हर’ यांत फरक काय?

सर्वात महागात पडणारा गोंधळ इथला आहे. ‘बँकांनी इतके लाख कोटी राइट ऑफ केले’ अशी बातमी आली, की समाजमाध्यमांवर तिचा मराठी अवतार ‘उद्योगपतींचे इतके लाख कोटी माफ’ असा होतो. पाठोपाठ शेतकरी विचारतो, त्यांचे माफ होते मग आमचे का नाही? हा राग रास्त असू शकतो. पण ज्या शब्दावर तो उभा आहे, त्याचा अर्थ वेगळा आहे.

कर्जाचा हप्ता ठरलेल्या मुदतीपलीकडे थकला, की ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. साधारण मुदत कर्जासाठी ही मुदत ९० दिवसांची आहे. अल्प मुदतीच्या पिकांच्या कर्जासाठी दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम. त्यानंतर बँक त्या कर्जापोटी आपल्या नफ्यातून तरतूद करत जाते आणि वसुलीची आशा मावळली की ते खाते ताळेबंदातून काढते. हे झाले ‘राइट ऑफ’. कर्ज बँकेच्या ताळेबंदातून जाते, कर्जदाराच्या डोक्यावरून जात नाही. वसुलीच्या नोटिसा, दावे, तारणावरची जप्ती हे सगळे चालूच राहू शकते. केंद्र सरकारने संसदेत हे अनेकदा सांगितले आहे. अर्थात, मोठ्या थकबाकीदारांकडून प्रत्यक्षात वसुली किती होते, हा वेगळा आणि विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. तो विचारायचा तर आधी शब्दाचा अर्थ माहीत हवा, नाहीतर समोरचा ‘राइट ऑफ म्हणजे माफी नाही’ एवढेच सांगून सुटतो.

‘वेव्हर’ म्हणजे माफी. त्यात देणे संपते आणि बँकेला ती रक्कम सरकार भरून देते. २००८ची केंद्राची योजना ही माफी होती. त्यात दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण सवलत आणि त्यावरच्यांना उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सवलत होती. कोरडवाहू विदर्भात जमीन जास्त आणि उत्पन्न कमी अशी अवस्था असल्याने या दोन हेक्टरांच्या अटीवर तेव्हा बरीच टीका झाली. २०१७ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंत, तर डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना दोन लाखांपर्यंत होती. मराठीत यांना माफी, सन्मान, मुक्ती अशी वेगवेगळी नावे मिळाली, पण त्यात अर्थाचा गोंधळ झाला नाही. गोंधळ झाला तो ‘ऑफ’मुळे.

‘वेव्ह’च्या मागे ‘ऑफ’ कुठून आला?

भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत कर्जमाफीला सर्रास ‘वेव्ह ऑफ’ म्हटले जाते. प्रमाण इंग्रजीत माफ करणे या अर्थाच्या ‘वेव्ह’ला ‘ऑफ’ लागत नाही. ते क्रियापद एकटेच पुरे आहे. हात हलवून नको म्हणणे या अर्थाचे ‘वेव्ह ऑफ’ आहे, पण तो ‘वेव्ह’ निराळा. त्याचा उच्चार तोच, स्पेलिंग वेगळे. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात.

मग ‘ऑफ’ का चिकटला? बोलणाऱ्याला ‘टाकणे’ हा भाव हवा असतो. माफ केले म्हणजे एकदाचे करून टाकले. ‘वेव्ह’ एकट्याने अपुरे वाटते, म्हणून ‘ऑफ’ येतो. पण त्यामुळे ‘राइट ऑफ’ आणि ‘वेव्ह ऑफ’ ही जुळी भावंडे वाटू लागतात, आणि एकाची बातमी दुसऱ्याच्या नावावर खपते. व्याकरणाची चूक अशा रीतीने अर्थव्यवस्थेच्या बातमीत शिरते.

‘ऑप्ट आऊट’ न केल्यास काय होते?

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६मध्ये आली तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. खरीप २०२० पासून तो ऐच्छिक झाला. मात्र ‘ऐच्छिक’चा अर्थ कर्जदार आणि बिगरकर्जदार शेतकऱ्यांसाठी सारखा नाही. कर्ज न घेतलेल्याने ‘ऑप्ट इन’ करायचे, म्हणजे स्वतःहून अर्ज भरून आत यायचे. कर्जदाराला आत धरलेलेच असते. त्याला विमा नको असेल तर अंतिम मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला तसे लिहून द्यायचे. हे ‘ऑप्ट आऊट’. गप्प बसला तर हप्ता खात्यातून कापला जातो.

महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तोवर याची फारशी झळ नव्हती. २०२५च्या खरिपात ती सवलत गेली आणि सोयाबीनसारख्या खरीप पिकाला विमा रकमेच्या दोन टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्के असा शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. आर्णीच्या पट्ट्यात कापूस आणि सोयाबीन हीच मुख्य पिके. विमा घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण ‘आऊट’ या शब्दात ‘काही केले नाही तर तू आतच आहेस’ हे दडलेले आहे, ते मराठीत कुणीतरी सरळ सांगायला हवे.

ही क्रियापदे आहेत तरी काय?

इंग्रजीत क्रियापदामागे छोटा शब्द येण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत क्रियापदाचा अर्थ तसाच राहतो, फक्त त्याला ठरावीक सोबती लागतो : डिपेंड ऑन, बिलीव्ह इन, वेट फॉर. दुसरीत दोघे मिळून तिसराच अर्थ तयार होतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आऊट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. या दुसऱ्या प्रकाराला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच, परक्यांना इंग्रजीत सर्वात जड जाते ते हेच, अशा अर्थाची नोंद केली होती. नाव मात्र बरेच नंतर रुळले. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५च्या पुस्तकात ते वापरले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

आपल्याकडे इंग्रजी आली ती कचेरी, कोर्ट आणि पाठ्यपुस्तकातून. तिथे ‘पुट ऑफ’ नसते, ‘पोस्टपोन’ असते. ‘लुक इनटू’ नसते, ‘इन्व्हेस्टिगेट’ असते. त्यामुळे चांगले इंग्रजी वाचणाऱ्या मराठी माणसालाही साध्या गप्पांतले इंग्रजी अवघड जाते. ‘पोस्टपोन’वरून भारतीयांनी ‘प्रीपोन’ बनवला आणि तो इंग्रजी कोशांत जाऊनही बसला. पण ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हटले की अजून क्षणभर थांबावे लागते.

मराठीत असे काही नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. शाळेत ते वेगळ्या नावाने शिकवले जाते आणि इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण कुणी काढत नाही, एवढेच.

‘लिहिणे’ घ्या. कुणी सांगत असेल तर ‘लिहून घे’. पुढे लागेल म्हणून ‘लिहून ठेव’. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे ‘लिहून काढ’. एकदाचा पिच्छा सोडवायचा तर ‘लिहून टाक’. आणि ‘तसे लिहून दे’ म्हटले की हमी आली, सही आली. लिहिणे एकच, पण घेणे, ठेवणे, काढणे, टाकणे, देणे यांनी पाच अर्थ केले. ‘लिहून टाक’मध्ये काही फेकायचे नसते आणि ‘लिहून काढ’मध्ये कुठून काही बाहेर काढायचे नसते. दुसऱ्या क्रियापदाने आपला मूळ अर्थ सोडला आणि पहिल्याला वळण दिले. इंग्रजीतले राइट डाऊन, राइट आऊट, राइट अप, राइट ऑफ हेच करतात. तिथे वळण देणारा शब्द क्रियापद नसून डाऊन, आऊट, अप, ऑफ असतो. मराठी व्याकरण याला संयुक्त क्रियापद म्हणते. दोन्हींची जोडी एकास एक लागत नाही, पण युक्ती एकच आहे.

त्याही आधीचे उदाहरण संस्कृतातून आलेले आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. ‘हार’ तोच, पुढचा उपसर्ग बदलला की जेवणाचा मारहाण होते. इंग्रजीने छोटा शब्द मागे लावला, संस्कृतने पुढे लावला. आठवीतल्या मुलाला उपसर्ग येतात, संयुक्त क्रियापद येते. त्याला फ्रेजल व्हर्ब मात्र परग्रहावरची वस्तू म्हणून दाखवली जाते.

आर्णीच्या मुलाकडे तर आणखी एक भांडवल आहे. वऱ्हाडीत ‘काय करून राह्यला बे?’ विचारतात आणि उत्तर येते, ‘जेवून राह्यलो.’ पुण्याच्या वसतिगृहात यावर हशा पिकतो. इथे ‘राहणे’ या क्रियापदाचा मुक्काम करण्याशी संबंध उरलेला नाही. क्रिया चालू आहे, एवढेच ते सांगते. प्रमाण मराठीतले ‘जेवतोय’ तरी काय आहे? ‘जेवतो आहे’ असे दोन शब्द घाईत एक झालेले. एका बोलीने ‘असणे’ निवडले, दुसरीने ‘राहणे’. ज्याला ‘करून राह्यला’ जन्मजात येते, त्याला क्रियापदांच्या जोडीत एकाचा अर्थ पातळ होतो, हे कुणी समजावून सांगायची गरजच नसते. हसणाऱ्यांना कदाचित असेल.

मराठीने इंग्रजीतून नेमके काय उचलले?

याचे उत्तर मोठे मजेशीर आहे. मराठीने बऱ्याचदा छोटा शब्द ठेवला आणि क्रियापद टाकून दिले. ‘स्विच ऑफ’मधला ‘स्विच’ गेला, उरले ‘लाइट ऑफ कर’. ‘टर्न ऑन’मधला ‘टर्न’ गेला, उरले ‘मोटर ऑन कर’. करणे, होणे, जाणे ही कामे मराठी क्रियापदांनी आपल्याकडे ठेवली आणि दिशा तेवढी उसनी घेतली. म्हणून सर्व्हर डाऊन होतो, मूड ऑफ होतो, फलंदाज आऊट जातो आणि एखादा ‘जरा ओव्हरच करतो’. लॉगिन, लॉगआऊट, बॅकअप, फॉलोअप हे जोडीने आले, पण तेही नाम होऊन. फॉलोअप घ्यायचा असतो, बॅकअपही घ्यायचा असतो. इंग्रजी क्रियापदाला मराठीत थेट क्रियापद म्हणून सहसा प्रवेश मिळत नाही.

उसन्या घेतलेल्या शब्दांचे अर्थ इथे बदलतातही. इंजिनिअरिंगची मुले ‘२०२२ पासआऊट’ असे अर्जात लिहितात. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणसाच्या रोजच्या बोलण्यात ‘पास आऊट’ म्हणजे शुद्ध हरपणे. अर्थात हा वापर आकाशातून पडलेला नाही. लष्करी प्रशिक्षण पूर्ण होणे या अर्थाने तो ब्रिटिश इंग्रजीत आहे आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आजही पासिंग आऊट परेड होते. परेडमधून तो कॉलेजात आला. परदेशी कंपनीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहिले तर बरे, एवढेच.

‘ले-ऑफ’चे प्रकरण मात्र गंभीर आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे वीज, कच्चा माल नाही किंवा यंत्र बंद पडले म्हणून कामगाराला तात्पुरते काम देता न येणे, असा अर्थ होता. कामगार पटावर राहत असे आणि अटी पूर्ण होत असतील तर मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई त्याला मिळत असे. कायमचे काढून टाकण्याला त्या कायद्यात वेगळा शब्द आणि वेगळी नियमावली होती. आयटी कंपनीच्या ईमेलमधला ‘लेऑफ’ मात्र नोकरी गेल्याचाच असतो. यवतमाळहून पुण्यात गेलेल्या मुलाने घरी फोनवर ‘लेऑफ झाला’ सांगितले आणि घरात कुणी सूतगिरणीच्या काळातला असला, तर त्याला वाटावे, पोरगा महिनाभराने कामावर जाईल.

मग शिकवायचे कसे?

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाले. तेव्हा पहिलीत असलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांनी ही क्रियापदे शिकली ती बहुतेक याद्यांमधून. गेट अप, गेट ऑफ, गेट ओव्हर, समोर अर्थ, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही हेच. यादी क्रियापदाच्या आद्याक्षराने लावलेली असते, म्हणजे ज्या शब्दात अर्थ नाही त्याच्या नावाने.

उलट करून पाहावे. ‘ऑफ’चे सगळे एकत्र ठेवावेत : टेक ऑफ, कट ऑफ, लॉग ऑफ, पे ऑफ, राइट ऑफ, ले ऑफ. सगळ्यांत काहीतरी सुटते, तुटते, दूर होते. पे ऑफ म्हणजे फेडून टाकणे. ‘अप’मध्ये अनेकदा पुरते संपवणे असते : ईट अप म्हणजे खाऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून संपव. फॉर्म भरण्याचे उदाहरण वर्गात चांगले चालेल. मराठीत फॉर्म, टाकी, फी, पाणी सगळे ‘भरतात’. ब्रिटिश फॉर्म ‘फिल इन’ करतो, कारण रिकाम्या जागांच्या आत लिहायचे असते. अमेरिकी ‘फिल आऊट’ करतो. भारतीय ‘फिल अप’ करतो, जणू फॉर्म काठोकाठ भरायचा आहे. सेतू केंद्रासमोरची रांग पाहिली तर भारतीयाचेच बरोबर वाटते.

ही पद्धत प्रत्येक वेळी साथ देणार नाही. ‘गो ऑफ’ पाहा. दिवा गो ऑफ झाला तर विझतो, दूध झाले तर नासते आणि गजर झाला तर वाजू लागतो. बंद होणे आणि सुरू होणे एकाच शब्दात! पण मराठीत तरी फ्यूज उडतो, झोप उडते, रंग उडतो, लग्नाचा बार उडतो. तिथे कुणी यादी पाठ केली होती? वाक्ये कानावर पडत गेली आणि जमले. इंग्रजी वाक्ये कानावर पडण्याची सोय पूर्वी गावात नव्हती, मोबाइलमुळे आता बरीच आहे. याद्या पाठ करून घेण्यापेक्षा वर्गात रोज दहा मिनिटे इंग्रजी ऐकवले, तरी जास्त पदरात पडेल.

प्रत्येक चूक सारखीच का?

नाही. मराठीत माणूस कुणा‘वर’ रागावतो, म्हणून इंग्रजीत ‘अँग्री ऑन मी’ येते. कुणा‘शी’ लग्न होते, म्हणून ‘मॅरी विथ’ येते. ऐकणाऱ्याला अर्थ पोहोचतो. त्यासाठी मुलाच्या वहीवर लाल रेघा ओढून त्याची इंग्रजी बोलण्याची हिंमत मोडण्यात काही हशील नाही. हिंमत मोडलेली मुले प्रत्येक वर्गात असतात आणि ती कोणत्याही छोट्या शब्दापेक्षा मोठी अडचण आहे.

ज्या कागदावर देणे-घेणे ठरते तिथे मात्र सैलपणा नको, आणि तिथली जबाबदारी शेतकऱ्यावर किंवा विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावे, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. पण देवनागरीत ‘ऑप्ट आऊट घोषणापत्र’ छापले म्हणजे मराठी झाले, असे समजले तर काय उपयोग? ‘मला विमा नको, हप्ता कापू नये’ एवढे छापायला फार जागा लागत नाही. वर्तमानपत्रांनाही यातून सुटका नाही. ‘राइट ऑफ’साठी मराठीत ‘निर्लेखित’ हा शब्द काढला गेला, तो बरोबर आहे, पण बातमी वाचणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तो इंग्रजीइतकाच परका. ‘ताळेबंदातून काढले, वसुली चालू’ असे लिहिले तर मथळ्यात एक ओळ वाढेल.

सातबाऱ्यावर हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. तिथे कर्ज काढले की ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो आणि फिटले की बोजा उतरतो. ‘माझे कर्ज राइट ऑफ झाले का’ असे बँकेत विचारून नक्की काही कळेलच असे नाही. ‘माझ्या नावावर किती निघते, बेबाकी दाखला मिळेल का आणि बोजा कधी उतरेल’ असे विचारले, तर समोरच्याला हो किंवा नाही सांगावेच लागते.